‘डिग्री बदला’ची कुळकथा

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत ‘डिग्री बदला’ हा प्रश्न ज्याने सोडवला नाही असा शाळकरी मनुष्य महाराष्ट्रात सापडणे कठीण. आणि ‘हिंगोली इज द बिगेस्ट टाउन इन द डिस्ट्रिक्ट’ हे वाक्य देऊन अर्थाला धक्का न लावता त्याची दोन रूपांतरे करावयास सांगितली, तर सेनगावचा किंवा कळमनुरीचा कोणताही होतकरू विद्यार्थी ‘हिंगोली इज बिगर दॅन एनी अदर टाउन इन द डिस्ट्रिक्ट’ आणि ‘नो अदर टाउन इन द डिस्ट्रिक्ट इज ॲज बिग ॲज हिंगोली’ ही दोन्ही वाक्ये घडाघडा म्हणून दाखवील. यांतल्या ‘अदर’ या चिमुकल्या शब्दावर आजवर किती गुण गेले असतील याची गणती नाही. परंतु तो गाळला की हिंगोली ही जिल्ह्यातील सर्वच गावांहून, म्हणजे स्वतःहूनही मोठी ठरते, आणि हा दोष व्याकरणाइतकाच तर्कशास्त्राचा आहे. त्या दृष्टीने हा प्रश्न भाषेपेक्षा बुद्धीचीच परीक्षा अधिक पाहतो, असे आमचे मत आहे.

या प्रश्नाचे मूळ पुरुष लॅटिन वैयाकरण होत. चौथ्या शतकातील दोनातुस याने मुलांसाठी प्रश्नोत्तररूपाने रचलेल्या छोट्या व्याकरणात तुलनेच्या पायऱ्या तीन सांगितल्या आहेत. पायरीला लॅटिनमध्ये ‘ग्रादुस’ म्हणतात, आणि ‘डिग्री’ ही त्याच कुळातली. युरोपातल्या पाठशाळांनी ही त्रयी शतकानुशतके घोकली. इंग्रजांनी आपल्या भाषेचे व्याकरण लिहावयास घेतले तेव्हा लॅटिनचाच साचा पुढे ठेवला, आणि लिंडली मरे याच्या 1795 सालच्या व्याकरणामार्फत तो घरोघर गेला. हिंदुस्थानात त्याला वाक्यरूपांतराच्या कवायतीची जोड मिळाली. नेसफील्डच्या पुस्तकांनी तिचा पाया घातला आणि रेन व मार्टिन या जोडीने 1930 नंतरच्या दशकात तिला जवळजवळ कायद्याचे स्वरूप दिले. यांतले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते, आणि पुढे ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच परदेशी पलटणीवरची साहसकथा लिहून जगप्रसिद्ध झाले, हे त्यांचे व्याकरण पाठ करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. 1954 साली हॉर्नबी यांनी वाक्यांचे साचे पाडून दाखवणारे पुस्तक काढले आणि व्याख्येऐवजी नमुना गिरवण्याची पद्धत रूढ होऊ लागली. तरी परीक्षेतला जुना प्रश्न जागचा हलला नाही.

हिंगोलीत इंग्रजी प्रथम घुमली ती शाळेत नव्हे, छावणीत. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंटचे हे एक ठाणे होते, आणि 1903 साली ती फौज हिंदुस्थानी सैन्यात विलीन होईपर्यंत ते तसेच राहिले. मुलखाच्या दप्तराची भाषा मात्र आधी फारसी, मग उर्दू. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले तेही उर्दू माध्यमाचे, इंग्रजी हा त्यात सक्तीचा विषय. त्यामुळे निजामी अंमल संपण्यापूर्वी, म्हणजे 1948 पूर्वी, तेव्हाच्या परभणी जिल्ह्याच्या या भागातून शिकून वर गेलेल्या विद्यार्थ्याची गाठ डिग्रीच्या आधी ‘तफ़ज़ील’शी पडे. उर्दू व्याकरणात विशेषणाचे दर्जे तीनच: तफ़ज़ील-ए-नफ़्सी, तफ़ज़ील-ए-बाज़ आणि तफ़ज़ील-ए-कुल. फारसी वळणाने बेहतर, बेहतरीन. अरबी वळणाने कबीराचा अकबर आणि सग़ीराचा असग़र.

येथे कुळाचा धागा विलक्षण गुंतलेला आहे. फारसीतला ‘बेहतर’मधला ‘तर’ आणि संस्कृतातल्या ‘लघुतर’मधला ‘तर’ हे सख्खे भाऊ. इंग्रजी ‘एस्ट’ हा आपल्या ‘इष्ठ’चा चुलतभाऊ, आणि त्याची साक्ष हवी तर ‘स्वीटेस्ट’ आणि ‘स्वादिष्ठ’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. 1816 साली फ्रांझ बॉप याने या भाषांच्या क्रियापदांची रूपे ताडून पाहिली आणि तौलनिक व्याकरणाचा पाया घातला. त्या हिशेबाने इंग्रज शिक्षकाने आणलेली डिग्री आणि निजामी मौलवीने शिकवलेला ‘तर’ हे एकाच मूळ घराण्याचे दोन वारस होत. अरबी अकबर तेवढा परक्या गोत्राचा.

आणि मराठी? तिने वारशात आलेले प्रत्यय ठेवले, पण त्यांतल्या कित्येकांचा जोर काढून घेतला. संस्कृतात कनिष्ठ म्हणजे सर्वांत धाकटा आणि वरिष्ठ म्हणजे सर्वांत वरचा. जिल्हा परिषदेच्या कचेरीत मात्र कनिष्ठ लिपिक आणि वरिष्ठ लिपिक अनेक असतात, आणि वरिष्ठांच्याही वर आणखी वरिष्ठ असतातच. तहसिलीतला अव्वल कारकून तर अरबीतून आलेला ‘पहिला’. त्याच्यावर नायब तहसीलदार असतो, याचे कोणास नवल वाटत नाही. विशेषण आपल्याकडे जागचे हलत नाही. तुलनेचा भार ज्याच्याशी तुलना करावयाची त्या नामावर पडतो: वसमत औंढ्यापेक्षा मोठे, हिंगोली सर्वांत मोठी. ‘मोठे’ आणि ‘मोठी’ यांतला फरक लिंगाचा, दर्जाचा नव्हे.

तीव्रता दाखवावयाची झाली तर मराठी पायऱ्या चढत बसत नाही. ती विशेषणालाच एक खास सोबती जोडून देते. वसमतच्या बाजारातली हळद पिवळीधमक, त्याच भागातले कापूस पिकवणारे रान काळेभोर, पावसानंतर कयाधूच्या काठचे गवत हिरवेगार. ‘धमक’ हिरव्याला लागत नाही आणि ‘गार’ पिवळ्याला. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकाने न शिकवता चार वर्षांच्या पोरालाही कळते, आणि रेन-मार्टिनच्या तक्त्यात यांना खानाच नाही.

‘डिग्री बदला’च्या मानाने त्याच प्रश्नपत्रिकेतला ‘टू’ काढून ‘सो… दॅट’ घालण्याचा प्रश्न आपल्या मुलांना कमी जड जातो, याचेही कारण घरातच आहे. ‘हळद इतकी ओली की दळता येईना’ हे वाक्य वसमतचा शेतकरी सहज बोलून जातो, आणि ‘इतकी… की’ म्हणजे ‘सो… दॅट’च. अडते ते उलट दिशेने जाताना. कारण ‘टू’मध्ये जो नकार पोटात दडलेला असतो तो मराठीला शब्दाने उघड सांगावा लागतो, आणि म्हणून ‘टू वेट टु ग्राइंड’ लिहिताना विद्यार्थ्याचा हात एक ‘नॉट’ त्यात घालून मोकळा होतो.