पत्त्याचें अखेरचें पद

इंटरनेटवरील पत्त्याच्या टिंबानंतर येणाऱ्या अखेरच्या पदाला अर्थ असावा कीं तें केवळ खुणेपुरतें असावें, हा वाद जुना आहे. मुंबईच्या उपनगराशीं त्याचा निकटचा संबंध आहे. भारताचें ‘इन’ हें पद १९८९ सालीं नोंदलें गेलें व त्याची नोंदवही जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रानें, म्हणजे ‘एनसीएसटी’नें, सांभाळली.

अर्थरहित खुणेनेंही काम भागतें. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं आखलेला पिन क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला. ४०००८० या आंकड्यांत अनोळखी मनुष्याला मुलुंड दिसत नाहीं. तरी पत्र पोंचतें. अर्थाची गरज वाहकास नसते. समोर कोण आहे हें ओळखूं पाहणाऱ्या मनुष्यास असते.

म्हणूनच अमेरिकेंत १९८४ सालीं आखलेल्या योजनेंत ‘कॉम’ व्यापारास, ‘एड्यू’ शिक्षणास व ‘गव्ह’ शासनास नेमून दिलें. देशांस दोन दोन अक्षरें मिळालीं. परंतु पाटी लावणें निराळें आणि पाटीचा अर्थ राखणें निराळें. ‘कॉम’च्या दाराशीं पहारा नसल्यानें तें सर्वांचेंच झालें. तुवालू या चिमुकल्या द्वीपराष्ट्राच्या वांट्यास ‘टीव्ही’ हीं अक्षरें आलीं आणि दूरचित्रवाणीच्या धंद्यानें तीं आपलीशीं केलीं.

‘इन’च्या दाराशीं मात्र पहारा कडक होता. १९९२ ते २००४ या काळांत अवघीं सुमारें ७००० नांवें नोंदलीं गेलीं. अर्थ शाबूत राहिला, पण सामान्य दुकानदार बाहेरच राहिला. २००५ सालीं नियम सैल झाले, कारभार ‘निक्सी’ या संस्थेकडे गेला आणि मार्च २०१० पर्यंत नांवें ६ लाखांवर गेलीं. २०१४ सालीं देवनागरींतील ‘भारत’ हें पदही आलें. मराठी वाचकास तें वाचतांच कळतें. पण नुसतें ‘इन’ वा ‘भारत’ पाहून पाटीमागचा मनुष्य सचोटीचा आहे कीं नाहीं, हें कळत नाहीं.

या उणीवेचा फायदा ठकांनीं घेतला. बँकेच्या नांवाशीं मिळतेंजुळतें नांव घेऊन ठेवीदारांस फसविणें सोपें झालें. अखेर रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं सर्व बँकांस ३१ ऑक्टोबरपर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव पदाखालीं जाण्याचा आदेश दिला. व्यापार खुला ठेवून, जेथें लोकांची ठेव आहे तेवढ्यापुरता जुना पहारा पुन्हा बसला.

या इतिहासाचा बोध एवढाच कीं, शब्दाला अर्थ कोशानें येतो, पण पत्त्यांतील पदाला तो तपासणाऱ्यामुळें येतो. जेथें तपासणारा नाहीं, तेथें अर्थपूर्ण पद निरर्थक आंकड्याहूनही घातक ठरतें; कारण आंकड्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं, नांवावर ठेवतो.