तिसरा कॉलम

मागच्या शनिवारी सकाळी मी आणि सम्या त्याच्या स्वयंपाकघरात बसून सायकलचे पाने मोजत होतो. म्हणजे अक्षरशः वजन करत होतो. वहिनींनी केकसाठी मैदा मोजायला एक छोटा डिजिटल काटा आणलाय, त्यावर. वहिनी दारात उभ्या राहून थोडा वेळ बघत होत्या. मग "तो काटा नंतर पुसून ठेवा," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

तर, बेत असा आहे. डिसेंबरात पुणे ते कन्याकुमारी, सायकलवर. कोल्हापूरहून गोव्यात उतरायचं आणि मग समुद्राच्या कडेकडेनं खाली जायचं. साधारण 1600 किलोमीटर, 18 दिवस. हे आम्ही कॉलेजच्या शेवटच्या वर्षी ठरवलं होतं. त्यानंतर नोकरी आली, ऑनसाइट आलं, लग्नं झाली, घराचे हप्ते सुरू झाले. सायकली मात्र दोन वर्षांपूर्वी आल्या आणि रविवारचा कात्रज, सिंहगड पायथा, कधी खंबाटकी ओलांडून वाई असं करत करत अंगात थोडा दम आला.

आम्ही पडलो आयटीवाले. त्यामुळे पायडल मारण्याआधी एक्सेल शीट तयार झाली. तीन कॉलम: वस्तू, वजन, कोणाकडे. खरी मजा तिसऱ्या कॉलमात आहे. दोघांनी मिळून जायचं तर प्रत्येक गोष्ट दोन-दोन कशाला? पंप एकच, तो सम्याकडे. चेन तोडायचं हत्यार एकच, तेही सम्याकडे. औषधं आणि पंक्चरचं सामान माझ्याकडे. असं वाटून घेतल्यावर प्रत्येकी जवळजवळ दीड किलो कमी झालं. आम्ही स्वतःवर भलतेच खूश होतो. :)

काटा पुसून ठेवला आणि खाली टपरीवर चहाला गेलो. तिथे सम्या म्हणाला, "ऐक ना, मी बहुतेक मडगावपर्यंतच येईन."

त्याच्या बाबांचं डायलिसिस सुरू झालंय. आठवड्यातून तीनदा कोणीतरी बरोबर जावं लागतं. धाकटा भाऊ एक आठवडा सुट्टी काढून सांभाळेल, पण 18 दिवस काही जमणार नाही. मी म्हटलं, "अरे ठीक आहे रे, काका महत्त्वाचे." तोंडानं म्हटलं. पण घरी येईपर्यंत डोक्यात फक्त शीट होती. पंप कोणाकडे, हत्यार कोणाकडे. आणि त्याच्याखाली, खरं सांगायचं तर, राग. माझा रागवायचा हक्क नव्हता हे कळत होतं, म्हणून जास्तच राग.

असं काही झालं की मी जुन्या लोकांच्या भानगडी वाचत बसतो. या आठवड्यात तेच केलं. लांबच्या सायकल प्रवासाला निघालेल्या लोकांनी तयारी काय केली, आणि बरोबर कोण होतं, एवढंच बघत होतो.

सुरुवात थॉमस स्टीव्हन्सपासून. एप्रिल 1884 मध्ये हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला तो पुढचं चाक प्रचंड मोठं आणि मागचं बुटकं अशा जुन्या सायकलवर. डिसेंबर 1886 मध्ये जपानात योकोहामाला पोचला. वाटेत 1886 मध्येच लाहोर ते कलकत्ता ग्रँड ट्रंक रोडनंही गेला. सामान? मोजे, एक जादा सदरा, एक रेनकोट आणि एक पिस्तूल. रेनकोटचाच तंबू आणि रेनकोटचंच अंथरूण. आमच्या शीटमध्ये नुसते चार्जर त्यापेक्षा जास्त आहेत. पण स्टीव्हन्स एकटा होता. त्याच्या यादीत तिसरा कॉलमच नाही.

तिसरा कॉलम सापडला तो थॉमस अ‍ॅलन आणि विल्यम सॅक्टलेबन या जोडीच्या गोष्टीत. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचे हे दोन विद्यार्थी. जून 1890 मध्ये पदवी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. आपल्याकडे कॅम्पस प्लेसमेंट असतं, यांनी जगप्रदक्षिणा घेतली. तोवर दोन सारखी चाकं आणि चेन असलेली सायकल बाजारात आली होती, म्हणजे आपण आज चालवतो तिचीच आजी. रोल फिल्मचा कोडॅक कॅमेराही 1888 मध्ये आला होता. तो गळ्यात अडकवून त्यांनी तीन वर्षांत सुमारे अडीच हजार फोटो काढले.

एप्रिल 1891 मध्ये त्यांनी इस्तंबूलहून आशियात पाऊल ठेवलं. जुलैमध्ये वाट वाकडी करून अरारात पर्वत चढून आले. थंडी ताश्कंदमध्ये काढली आणि मग चीनच्या पश्चिम टोकाला कुलजा नावाच्या गावी येऊन थांबले. पुढे गोबीचं वाळवंट. आणि इथे त्यांनी जे केलं ते वाचून मी सम्याला रात्री अकराला फोन लावणार होतो. मग राग आठवला आणि नाही लावला.

त्यांनी हँडलचे दांडे कापून आखूड केले. सीटखालचा दांडा कापला. फ्रेममध्ये बसवलेल्या चामड्याच्या बॅगा काढून टाकल्या आणि त्याऐवजी शाली आणि तेल लावलेलं कॅनव्हास यांच्या झोपायच्या पिशव्या शिवून घेतल्या. कपड्यांची जादा बटणं काढली. डोकी आणि दाढ्या भादरल्या, तर तिथली मित्रमंडळी म्हणाली की हेही वजन कमी करण्यातच धरा! आणि एवढं करून उरलेल्या वजनाचा मोठा भाग होता पैशांचा. चीनच्या त्या भागात तांब्याची भोकाची नाणी चालत, ती हजारोंनी लागत. म्हणून त्यांनी चांदी घेतली. जसजसं पुढे जात तसतशी चांदी खर्च होऊन सायकल हलकी होत असे. आपण फोनमधून पैसे देतो तेव्हा आपल्याला हे वजन जाणवतच नाही.

नोव्हेंबर 1892 मध्ये दोघं पेकिंगला पोचले. 1893 मध्ये घरी परतेपर्यंत सायकलवर 15,044 मैल झाले होते, म्हणजे सुमारे 24,200 किलोमीटर. बटणापर्यंत सगळं कापलं, पण दोघांचे दोघं पोचले. मी ते पुस्तक बंद केलं आणि मनात म्हटलं, बघ सम्या, याला म्हणतात पार्टनर.

पण या गोष्टीला शेपूट आहे. मे 1892 मध्ये पिट्सबर्गहून फ्रँक लेन्झ नावाचा तरुण एकटाच निघाला, उलट्या दिशेनं. जपान, चीन, ब्रह्मदेश करत भारतात आला, कलकत्त्याहून कराचीपर्यंत सायकलवर गेला आणि मे 1894 मध्ये पूर्व तुर्कस्तानात, एर्झुरुमच्या अलीकडे कुठेतरी, नाहीसा झाला. त्याला शोधायला 1895 मध्ये एर्झुरुमला कोण गेलं? सॅक्टलेबन. अ‍ॅलनबरोबर चार वर्षांपूर्वी त्याच मुलखातून तो गेला होता. तपासात लेन्झचा खून झाला असा निष्कर्ष निघाला, मृतदेह मात्र मिळाला नाही. बरोबर कोणी असतं तर लेन्झ वाचला असता, असं मी म्हणणार नाही. कदाचित दोघं गेले असते. पण शोधायला गेलेला माणूस हा त्याच्या सहलीतला सोबती नव्हता, हे माझ्या डोक्यात राहिलं.

आता आपल्या मुंबईकडे या. 15 ऑक्टोबर 1923 रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया. सगळे विशीतले. पंजाब, बलुचिस्तान, इराण असं करत ते बगदादला पोचले. तिथून अलेप्पोपर्यंतचं वाळवंट, साधारण 950 किलोमीटर, त्यांनी 23 दिवसांत पार केलं. पुढे युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन आणि ब्रह्मदेशातून आसामात. 18 मार्च 1928 ला ते मुंबईत परत आले. एकूण सुमारे 71 हजार किलोमीटर.

मी लगेच भागाकार केला (सवय, दुसरं काय). 1616 दिवस, म्हणजे दिवसाला सरासरी 44 किलोमीटर. हे वाचून धक्काच बसला. 44 तर आम्ही रविवारी नाश्त्याच्या आधी करतो. म्हणजे या लोकांचं मोठेपण वेगात नाहीच. थांबणं, आजारपण, बोटीचा प्रवास, कागदपत्रांची वाट बघणं, सगळं धरून साडेचार वर्षं रोज परत निघणं, यात आहे.

पण माझी गाडी अडली ती दुसऱ्या आकड्यावर. निघाले सहा आणि परत आले तीन.

नरिमन कापडिया तेहरानहून परतला. कारण एवढंच की वैयक्तिक अडचण. गुस्ताद हाथीरामनं अमेरिकेतच राहायचं ठरवलं. त्यानंतर केकी पोचखानावालाचंही मन उडालं आणि तोही तिथून माघारी आला. हकीम, बापासोला आणि भुमगरा उरले. या तिघांचं 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड' हे पुस्तक 1931 मध्ये निघालं आणि त्याला प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची आहे.

बघा, सहापैकी एकही जण पंक्चरमुळे परतला नाही. वाळवंटात नाही, बर्फात नाही. एकाला घरचं काही होतं, एकाला नवीन घर सापडलं, एकाचा मित्र गेला म्हणून त्याचं मन गेलं. हँडल कापून, बटणं काढून या गोष्टीची तयारी होत नाही.

आणि कापडियाचा हिशेब जरा नीट मांडून बघा. मुंबईहून तेहरान म्हणजे सुमारे 5 हजार किलोमीटर सोबत. आपण गोष्ट सांगताना 'तीन जणांनी पूर्ण केली' असं सांगतो आणि उरलेल्या तिघांना गळालेले म्हणून टाकून देतो. पण पहिले 5 हजार किलोमीटर, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त चुका होतात, जिथे कोणालाच काही येत नसतं, ते सहा जणांनी मिळून काढले. तेहरानच्या पुढे गेले त्यांच्या पायांत कापडियाचेही किलोमीटर होते.

याच्या उलटं उदाहरणही मुंबईचंच. फ्रामरोझ दावर हा क्रीडा पत्रकार 1924 मध्ये मुंबईहून एकटाच सायकलवर निघाला. व्हिएन्नामध्ये त्याला गुस्ताव स्तावयानिक नावाचा ऑस्ट्रियन भेटला. दोघं पुढे सहारा पार करून, अ‍ॅमेझॉनचं जंगल तुडवून 1931 पर्यंत बरोबर फिरले. म्हणजे तेहरानला कोणी सुटतो आणि व्हिएन्नाला कोणी भेटतो. घरून निघताना केलेली नावांची यादी शेवटपर्यंत तशीच राहील, हे गृहीत धरणंच चूक. आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात आणि असं डिझाइन कोणी केलं तर मी स्वतः रिव्ह्यूमध्ये परत पाठवतो. मग सम्याला का चिडलो होतो? त्यानं तर बिचाऱ्यानं प्रॉब्लेम दोन महिने आधी सांगितला. मडगाव स्टेशनवर सांगितला असता तर?

काल संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. काका हॉलमध्ये बसले होते. डायलिसिसचा दिवस होता, त्यामुळे थकलेले दिसत होते. मला बघून म्हणाले, "माझ्यामुळे तुमची ट्रिप बोंबलली ना रे?" मी म्हटलं, "काका, कुठे बोंबलली? सम्या मडगावपर्यंत येतोय की." या वेळी तोंडातून निघालं ते मनातलंच होतं.

मग आम्ही लॅपटॉप उघडला. तिसरा कॉलम पुसला आणि त्याचे दोन केले: 'मडगावपर्यंत' आणि 'मडगावनंतर'. पहिल्यात पंप सम्याकडे, दुसऱ्यात माझ्याकडे. चेनचं हत्यारही तसंच. मडगावला तो सायकल पार्सलमध्ये टाकून पुण्याची गाडी पकडणार. त्याआधी मला चेन तोडून जोडायला शिकवणार, कारण हे काम मी आजवर त्याच्यावरच ढकलत आलोय. गोव्यापासून माझं वजन साधारण दीड किलोनं वाढेल. काकांनी चष्मा लावून शीट बघितली आणि विचारलं, "दीड किलोनं एवढा फरक पडतो?"

सम्या म्हणाला, "चढावर पडतो बाबा."

असो. उद्या पहाटे पाचला कात्रज. चेनचा पहिला धडा बोगद्याच्या अलीकडे, टपरीवर. पंप अजून सम्याकडेच आहे.