नागझिऱ्याचा जय आणि हौशी तपासनीस

गोंदिया जिल्ह्यात वाघाचा माग काढणे हे मुळात वनरक्षकांचे आणि वनमजुरांचे काम. नागझिरा अभयारण्य 1970 मध्ये झाले, तेव्हा पुरावा म्हणजे पाऊलखूण. धुळीतल्या ठशावर काच ठेवून त्याची आकृती उतरवायची, चांगला ठसा मिळाला तर त्यात प्लास्टर ओतायचे. ही पद्धत 1966 मध्ये ओडिशाच्या सरोज राज चौधरी यांनी घालून दिली होती. तिची अडचण माग काढणारालाच ठाऊक असे. ओल्या चिखलात एकाच वाघाचे पाऊल मोठे उमटते, कडक जमिनीवर लहान. राजस्थानातील सरिस्का व्याघ्रप्रकल्पात वाघ उरलेच नसल्याचे 2005 मध्ये उघड झाले आणि ठशांवरचा विश्वास उडाला.

त्यांची जागा ट्रॅप कॅमेऱ्याने घेतली. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही वेगळी असते. म्हणून दोन्ही बाजूंचे छायाचित्र लागते. इथेच हौशी माणसाला वाव मिळाला. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरे मोजायला तो पूर्वीपासून येत होताच. आता जिप्सीतून काढलेला त्याचा फोटोही पुरावा ठरू लागला. वाघांना नावे पडली, वंशावळी जमल्या. नागझिऱ्यातील दोन भावांना 'शोले'वरून जय आणि वीरू म्हणू लागले.

यातला जय 2013 मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात दिसला. छायाचित्रे जुळवल्यावर तो नागझिऱ्याचाच असल्याची खात्री पटली. राष्ट्रीय महामार्ग आणि वैनगंगा ओलांडून, वस्तीच्या मुलखातून तो तिथवर पोचला होता, आणि वाटेत फारसे कुणाला कळलेही नव्हते. देखणा, धिप्पाड आणि माणसांना न बुजणारा हा वाघ पाहायला पर्यटकांची रीघ लागली. 2015 मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर आली. 18 एप्रिल 2016 नंतर त्याचा ठावठिकाणा लागला नाही.

बातमी फुटल्यावर वन विभागाची पथके, गावकरी आणि वन्यजीवप्रेमी पवनी, उमरेडच्या रानात फिरले. माहिती देणाऱ्यास 50,000 रुपयांचे बक्षीस जाहीर झाले, सीबीआय चौकशीची मागणी झाली. मोबाइलवर मात्र वेगळाच तपास रंगला. कुणाला शिकाऱ्यांची टोळी दिसली, कुणाला नवे राज्य शोधत निघालेला वाघ. शेजारच्या जिल्ह्यांतून 'जय दिसला' असे निरोप आले. ओळख एकाचीही पटली नाही. अशाच हौशी तपासाची, मांजरांना मारणाऱ्या माणसाचा माग घरबसल्या काढणाऱ्या मंडळींवरची, 2019 मध्ये नेटफ्लिक्सची तीन भागांची मालिका आली. त्या मंडळींनी त्या माणसाच्या चित्रफितीतल्या व्हॅक्यूम क्लीनरसारख्या वस्तूंवरून धागे जुळवले, पण मधेच भलत्याच माणसावरही संशय घेतला. विदर्भातल्या हौशींकडे चित्रफीतही नव्हती. पट्ट्यांवरून 'हा कोण' हे सांगता येते, 'तो कुठे गेला' हे नाही. आणि समोर वाघच नसेल तर पट्टे काय कामाचे?

निदान एका प्रकरणाचा उलगडा झाला, तोही फोटोवरून नव्हे. जयचा कॉलर लावलेला बछडा श्रीनिवास एप्रिल 2017 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ मेलेला सापडला. आधी त्याची कापलेली कॉलर हाती लागली, तिच्यावरून शेत. तिथल्या कुंपणात वीज सोडलेली होती. धानाच्या पट्ट्यात रानडुकरे अडवायला तारेत असा प्रवाह सोडतात. कायद्याने तो गुन्हाच आहे, तरी तार निघत नाही. वाघाला पुरून टाकले होते. त्यानंतर जयचाही शेवट अशाच तारेवर झाला असावा, ही शंका बळावली. जयची कॉलर मात्र मिळाली नाही, हाडही नाही.