सौंदर्यशस्त्रक्रियेच्या तोंडावर ताप आला तर...

उमरगा - शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असते, रजा मंजूर झालेली असते, आगाऊ रक्कमही भरलेली असते. आणि नेमका आदल्या आठवड्यात घसा धरतो, अंग तापते. नाकाचा आकार सुधारणे, भाजल्याचा व्रण काढणे किंवा पोटावरची चरबी कमी करणे अशा शस्त्रक्रियांसाठी उमरगा परिसरातील रुग्णांना सहसा सोलापूर, लातूर किंवा हैदराबाद गाठावे लागते. एवढी जुळवाजुळव झाल्यावर "साधी सर्दी तर आहे" म्हणून आजार लपविण्याचा मोह होतो. धोका तेथेच असतो.

सर्दी-खोकल्यात श्वासमार्गाला सूज येते आणि तो अतिसंवेदनशील बनतो. पूर्ण भूल देताना किंवा रुग्ण शुद्धीवर येताना स्वरयंत्र अचानक आवळले जाणे, श्वासनलिका आकुंचन पावणे, रक्तातील प्राणवायू घटणे हे प्रकार अशा वेळी अधिक संभवतात. लहान मुलांत हा धोका मोठा. सर्दी बरी झाल्यासारखी वाटली तरी श्वासमार्गाची ही संवेदनशीलता दोन ते सहा आठवडे टिकू शकते. त्यामुळे ताप, पिवळा कफ किंवा छातीत घरघर असल्यास शस्त्रक्रिया साधारणतः दोन ते चार आठवडे पुढे ढकलली जाते. ताप नसताना केवळ नाक वाहत असेल, तर निर्णय भूलतज्ज्ञ रुग्णाला तपासून घेतात. तीळ काढण्यासारखी शस्त्रक्रिया जागेवरच भूल देऊन होते, तेथे सर्दीचा अडसर कमी; तरीही कल्पना द्यावीच.

धोका भुलेपुरताच नाही. जोराच्या खोकल्याने रक्तदाब वाढतो. चेहऱ्याच्या किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यामुळे त्वचेखाली रक्त साकळू शकते, टाक्यांवर ताण येतो. शरीरात कृत्रिम रोपण बसवायचे असेल, तर किडलेला दात, गळू किंवा लघवीतील जंतुसंसर्ग यांवरही आधी उपचार करावे लागतात. अन्यथा जंतू रक्तावाटे रोपणापर्यंत पोचण्याची भीती असते.

पावसाळ्यानंतरच्या तापाकडे विशेष लक्ष हवे. डेंगीत रक्तातील प्लेटलेट घटतात, म्हणून तपासणीत त्या पूर्ववत झाल्याखेरीज चाकू लावला जात नाही. कोरोनानंतर किती थांबावे याचे निकष बदलत गेले. २०२१ मध्ये सात आठवड्यांची शिफारस होती. २०२३ मधील अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार टाळता येण्याजोगी शस्त्रक्रिया किमान दोन आठवडे करू नये आणि त्यापुढे प्रत्येक रुग्णाची जोखीम पाहून ठरवावे.

घरगुती औषधोपचार ही आणखी एक अडचण. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, आजार मात्र तसाच राहतो. शस्त्रक्रियेच्या सकाळी ही गोळी घेऊन थर्मामीटर 'नॉर्मल' दाखविण्यात रुग्णाचेच नुकसान आहे. अंगदुखीसाठी घेतलेल्या अॅस्पिरिनचा रक्त गोठण्यावरील परिणाम सात ते दहा दिवस राहतो. त्यामुळे दुकानातून आणलेल्या गोळ्या आणि काढेसुद्धा डॉक्टरांना सांगावेत. मिश्री व तंबाखूची सवयही सांगावी. ती सांगताना घरातील स्त्रिया संकोचतात, पण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो.

तारीख हुकण्याची धास्ती पूर्वी निराळी होती. पंढरपूरचे सुपुत्र, अमेरिकास्थित प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित (१९३०-२०११) दरवर्षी भारतात येऊन मोफत शिबिरे घेत. दुभंगलेल्या ओठाच्या मुलाला शिबिराच्या दिवशीच ताप भरला, तर पालकांपुढे पुढच्या शिबिराची वाट पाहण्याचा प्रश्न उभा राही. आता २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अशा मुलांवर मोफत शस्त्रक्रिया होते. खासगी रुग्णालयात तर नवी तारीख मिळणे अवघड नसते. आगाऊ रकमेचे काय होणार, हे मात्र ती भरतानाच विचारून लेखी घ्यावे.

लक्षणे दिसताच, प्रवासाला निघण्यापूर्वी, रुग्णालयात दूरध्वनी करावा. ताप किती, कधीपासून, कफाचा रंग कोणता, कोणती गोळी केव्हा घेतली, एवढी माहिती पुरते. लग्न डोळ्यांपुढे ठेवून नाकाची शस्त्रक्रिया ठरविणाऱ्यांनी मुळातच काही महिन्यांची मोकळीक ठेवावी. नाकावरची बरीचशी सूज काही आठवड्यांत ओसरते, पण आकार पूर्ण स्थिरावायला वर्षभरही लागू शकते.