अस्वलांचे 'पीक'

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात काळी अस्वले फारच थोडी उरली होती. १९७० नंतर तेथे शिकार बंद झाली. रान वाढले, अस्वले वाढली आणि त्याच डोंगराळ भागात माणसांनी घरेही बांधली. कचऱ्याचा डबा व पाखरांसाठी टांगलेले दाणे अस्वलाला सोपे वाटले, यात त्याचा दोष तो कोणता?

२००३ मध्ये शिकार पुन्हा सुरू झाली. ३२८ अस्वले मारली गेली. वन्यजीव खात्याच्या भाषेत मात्र हे 'हार्वेस्ट', म्हणजे पीककापणी. आम्ही पडलो भाषेचे शिक्षक. या शब्दापाशी अडतो. दोन पायांवर चालणाऱ्या एका अस्वलाचे लोकांनी 'पेडल्स' असे नाव ठेवले होते. २०१६ च्या शिकारीत ते मारले गेले असे मानले जाते, आणि त्या एका अस्वलासाठी केवढा शोक झाला! पिकात मोजलेल्या इतरांना नावे नव्हती.

शिकारबंदीचे आश्वासन देऊन गव्हर्नर झालेल्या फिल मर्फी यांच्या काळात २०२१ मध्ये शिकार झाली नाही. तक्रारी वाढताच २०२२ मध्ये त्यांनीच ती पुन्हा सुरू होऊ दिली. अस्वलांना उघडता न येणाऱ्या कचरापेट्या हा विरोधकांचा उपाय आम्हाला अधिक पटतो. तथापि ज्याच्या अंगणात अस्वल उभे आहे, त्याला आमची शब्दचिकित्सा ऐकवण्याचे धैर्य आम्हाला होणार नाही.