उसना स्विमसूट आणि तीन पौंड

१७ नोव्हेंबर १९६६ रोजी लंडनच्या लायसियम बॉलरूममध्ये जी मुलगी मिस वर्ल्ड झाली, ती मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकत होती. रीटा फारिया तिचं नाव. आईवडील गोव्याचे, तिचा जन्म मुंबईचा. ग्रँट मेडिकल म्हणजे भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाचं कॉलेज, भेंडी बाजारापासून हाकेच्या अंतरावर. मिस वर्ल्ड होणारी ती आशियातली पहिलीच. आमच्या वर्गातल्या मुलींना ऐश्वर्या माहीत असते, सुष्मिता माहीत असते, प्रियंका तर असतेच. रीटाचं नाव सांगितलं की त्या एकमेकींकडे बघतात.

मला तिच्या मुकुटापेक्षा तिच्या सुटकेसमध्ये जास्त रस आहे. त्या सुटकेसमधले बहुतेक कपडे उसने होते. साडी मैत्रिणीची. स्विमसूट पर्सिस खंबाटाचा, म्हणजे आदल्या वर्षीच्या मिस इंडियाचा. खिशात तीन पौंड. परकीय चलनाची टंचाई होती आणि सरकार परदेशी जाणाऱ्याला तेवढेच देत असे. लंडनला पोचल्यावर लक्षात आलं की पर्सिसचा स्विमसूट उंच रीटाच्या मापाला बसत नाही आणि उंच टाचांच्या चपलाही आपल्याकडे नाहीत. मग ते तीन पौंड त्यातच गेले. शेवटी संध्याकाळच्या पोशाखाचं बक्षीस उसन्या साडीला मिळालं आणि स्विमसूटचंही तिलाच मिळालं.

हा किस्सा सगळीकडे गमतीने सांगितला जातो. मला त्यात एक साधा प्रश्न दिसतो. साडी तिने स्वतः निवडली असं म्हणता येईल. मैत्रिणीची असली तरी ती तिच्या ओळखीची वस्तू होती. पण स्विमसूटचं काय? तो घालायचा की नाही हे तिला कोणी विचारलं होतं? तो स्पर्धेचा गणवेश होता. घाला, नाहीतर येऊ नका.

हा गणवेश आला कुठून, तेही बघण्यासारखं आहे. योलांद बेतबेझ नावाची अलाबामाची मुलगी १९५१ ची मिस अमेरिका होती. गाणारी मुलगी. मुकुट मिळाल्यावर तिने सांगून टाकलं की आता मी स्विमसूट घालून मिरवणार नाही. स्पर्धेला पैसा पुरवणारी कॅटालिना ही कंपनी स्विमसूटच विकत होती. तिने मिस अमेरिकेतून अंग काढून घेतलं आणि १९५२ मध्ये स्वतःची स्पर्धा उभी केली. तीच मिस युनिव्हर्स. एका मुलीने कपड्याला नाही म्हटलं, तर कपडेवाल्याने अशी स्पर्धा काढली जिथे नाही म्हणताच येणार नाही. धंद्याचं डोकं असं चालतं. नंतर ‘जगातलं सौंदर्य’ वगैरे जे ऐकू येतं, त्याच्या पायथ्याशी ही दुकानदारी आहे, हे मी मुलींना आवर्जून सांगते.

कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला झालेल्या त्या पहिल्या मिस युनिव्हर्समध्ये भारतातर्फे इंद्राणी रहमान गेल्या होत्या. नर्तकी, विवाहित, एका मुलीची आई. पंधराव्या वर्षी त्यांनी वास्तुविशारद हबीब रहमान यांच्याशी लग्न केलं होतं. दिल्लीत जामा मशिदीसमोर मौलाना आझादांची मजार आहे ना, ती याच हबीब रहमान यांच्या आराखड्याची. इंद्राणींचे त्या स्पर्धेतले फोटो पाहिले की मी थबकते. अंगात स्विमसूट, कपाळावर टिकली, केसांत गजरा. कंपनीने सांगितलं ते घातलं आणि वर आपलंही काही राहू दिलं. याला तडजोड म्हणा किंवा हुशारी म्हणा, माझा कल हुशारीकडे आहे.

‘आपल्यात असलं काही नसतं’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. वाचकांपैकी अनेकांनी ऐकलं असेल. म्हणून हेही नोंदवून ठेवते. १९४७ ची पहिली मिस इंडिया प्रमिला ही मूळची एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, कलकत्त्याची बगदादी यहुदी. नवरा सय्यद हसन अली झैदी, सिनेमातले कुमार. मुकुट मिळाला तेव्हा ती पाचव्यांदा गरोदर होती! आज स्पर्धेच्या अर्जावर ही गोष्ट लिहून बघा. पुढे १९६७ मध्ये तिची मुलगी नकी जहाँ मिस इंडिया झाली. १९७० मध्ये मिस एशिया पॅसिफिक जिंकलेल्या झीनत अमानचे वडील मुसलमान आणि आई मराठी. हे चांगलं झालं की वाईट, हा वाद वेगळा. पण झालं आहे, आणि आपल्याच घरांमध्ये झालं आहे.

आता विरोध करणाऱ्यांकडे येऊ. १९७० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मिस वर्ल्ड चालू असताना स्त्रीमुक्तीवाल्या बायकांनी पिठाच्या पुड्या फेकून कार्यक्रम थांबवला. सूत्रसंचालक बॉब होप स्टेज सोडून पळाला. हाच बॉब होप १९६६ च्या नाताळात रीटाला व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांपुढे घेऊन गेला होता आणि त्यावरून भारतात तिच्यावर टीका झाली होती. त्या बायकांचं म्हणणं होतं, बाजारात गुरं पारखतात तसं आम्हाला पारखू नका. आमच्या वऱ्हाडात बैलबाजार पाहिलेल्या कोणालाही ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही.

१९९६ मध्ये मिस वर्ल्ड बंगळुरूला आली तेव्हा विरोधकांची मोट गमतीची होती. संस्कृती बुडाली म्हणणारे होते, बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या विरोधातले शेतकरी होते, डाव्या स्त्री संघटना होत्या. मदुराईत एका तरुणाने स्वतःला जाळून घेतलं. आयोजकांनी तोडगा काढला आणि स्विमसूटची फेरी हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर नेली. म्हणजे फेरी झालीच, फक्त आपल्या डोळ्यांआड झाली. संस्कृतीही वाचली आणि धंदाही वाचला. विमानाने तिकडे जाऊन स्विमसूट घालणाऱ्या मुलींचं मत कुठे छापून आल्याचं मी वाचलेलं नाही.

२००२ च्या नायजेरियाबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त प्रेतं आहेत. तिथे होऊ घातलेल्या मिस वर्ल्डवर एका वर्तमानपत्रात लेख आला, त्यात पैगंबरांविषयी (स.) अनुचित वाक्य होतं, कडुना शहरात दंगल पेटली आणि दोनशेच्या वर माणसं मेली. स्पर्धा लंडनला हलवली गेली. जिंकली कोण? तुर्कस्तानची आझरा आकिन.

२०१३ मध्ये इंडोनेशियात पुन्हा तेच होणार असं वाटत होतं. धार्मिक संघटनांनी मोर्चे काढले. आयोजकांनी बिकिनीच्या जागी सारोंग आणलं आणि अंतिम फेरी जकार्ताजवळून हिंदूबहुल बालीला नेली. त्याच सप्टेंबरात जकार्तात ‘मुस्लिमा वर्ल्ड’ नावाची दुसरी स्पर्धा झाली. तिथे डोकं झाकलेल्या मुली, कुराणाचं पठण, वर उंच टाचा आणि झगमगीत पोशाख. नायजेरियाची मुलगी जिंकली आणि बक्षिसात रोख रकमेबरोबर मक्का आणि भारत अशा दोन सहली होत्या. अनेकांना हे उत्तर फार आवडलं. मला नाही आवडलं. एका रांगेतल्या मुलींना बिकिनीची सक्ती, तर दुसऱ्या रांगेतल्या मुलींना हिजाबाची अट. समोर बसून गुण देणारे दोन्हीकडे आहेतच. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवायचा हुकूम आधी पुरुषांना आहे आणि बायकांना त्यानंतर. परीक्षकांच्या खुर्च्या मांडणाऱ्यांनी तो क्रम वाचलेला दिसत नाही.

२०१६ साल मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या काही किनाऱ्यांवर बुर्किनी, म्हणजे अंगभर पोहण्याचा पोशाख, घालायला स्थानिक महापौरांनी बंदी केली. शेवटी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती स्थगित केली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या स्पर्धेत हलिमा आडेन ही सोमाली कुटुंबातली, केनियातल्या निर्वासित छावणीत जन्मलेली मुलगी तीच बुर्किनी घालून स्विमसूटच्या फेरीत उतरली. उपांत्य फेरीपर्यंत गेली. एक कपडा, वर्षही एकच. एका ठिकाणी पोलीस दंड करतात आणि दुसऱ्या ठिकाणी टाळ्या पडतात.

आणि आमचं वाशिम? इथे मिस वर्ल्ड येणार नाही. आमच्याकडे फार तर नवरात्रात ‘खेळ पैठणीचा’ होतो. पण मुलीच्या अंगावर काय असावं हा प्रश्न इथेही आला, आणि आला तो परीक्षा केंद्राच्या दारात. १७ जुलै २०२२ ला नीटची परीक्षा होती. वाशिमच्या एका केंद्रावर आपल्याला बुरखा आणि हिजाब काढायला लावला, अशी तक्रार काही विद्यार्थिनींनी केली. नीटच्या सूचनापत्रातच लिहिलेलं असतं की धार्मिक किंवा पारंपरिक पोशाख घालणाऱ्यांनी तपासणीसाठी लवकर यावं. म्हणजे नियम आडवा येत नव्हता. त्याच दिवशी केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या एका केंद्रावर मुलींना अंतर्वस्त्रं काढायला लावली. तिथे अटका झाल्या, फेरपरीक्षाही झाली. त्या मुलींमध्ये कोणी मुसलमान होती का, कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती, याने काय फरक पडतो? सगळ्या डॉक्टर व्हायला आल्या होत्या.

रीटासुद्धा डॉक्टरच व्हायला निघाली होती. वर्षभराचा करार संपल्यावर तिने मॉडेलिंग आणि सिनेमा दोन्हींना नाही म्हटलं, पुढचं वैद्यकीय शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात घेतलं आणि नंतर आयर्लंडमध्ये डॉक्टर म्हणून काम केलं. माझ्या मुलींना तिच्या गोष्टीतला हा भाग सगळ्यांत जास्त आवडतो. एकीने विचारलं, ‘टीचर, तिला नंतर कुणी विचारलं का, स्विमसूट का घातला होता?’ मी म्हटलं, विचारलं असेल. दुसरी म्हणाली, ‘पण पेशंट तर नाही विचारणार.’

आमच्या शाळेच्या सालाना जलशात दरवर्षी वेशभूषेचा कार्यक्रम असतो आणि दरवर्षी त्यावरून घोळ होतो. काही पालकांना मुलींनी साडी नेसलेली चालत नाही, कारण ती ‘त्यांची’. याच घरांतल्या दादी-नानी आयुष्यभर लुगडं नेसून कापूस वेचायला जात होत्या, डोक्यावर पदर घेऊन. त्यांच्या पेट्यांमध्ये बुरखा नव्हता. आमचा वऱ्हाड १८५३ पर्यंत प्रत्यक्ष निजामाच्या कारभाराखाली होता, त्यामुळे काही खानदानी घरांत लग्नाला हैदराबादी खडा दुपट्टाही असायचा. या पेट्या उघडल्याशिवाय पोशाखाचा इतिहास शिकवता येत नाही.

गेल्या वर्षी मी कार्यक्रमाची यादी केलीच नाही. मुलींना सांगितलं, घरी विचारा, पेटी उघडा, जे घालावंसं वाटेल ते आणा आणि ते कुणाचं आहे ते माइकवर सांगा. तिघी हिजाब घालून आल्या आणि त्यांनीही कारण सांगितलं. एकीने आईचा पांढरा कोट आणला, आई सरकारी दवाखान्यात नर्स आहे. दहावीतली एक मुलगी नानीचा खडा दुपट्टा घेऊन आली. सहा वारांचं ते कापड तिला काही केल्या आवरेना. पिना संपल्या. शेवटी नानीलाच रिक्षाने शाळेत बोलावून घ्यावं लागलं.