साडेअकरा पौंडांचा महिना : विद्यावेतनाचा हिशेब इतिहासातून वाचताना

परदेशात पीएचडीला जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो म्हणजे, "स्टायपेंड किती?" आकडा कळला की आपण तो लगेच रुपयांत गुणतो. गुणाकार झाला की घरातले सगळे खूश होतात, कारण रुपयांत तो आकडा नेहमीच मोठा दिसतो. मग दुसरा प्रश्न, "त्यातून महिन्याला किती शिल्लक पडेल?" तुमच्यापैकी बरेच जण सध्या अर्ज भरताय, म्हणून हे दोन्ही प्रश्न आज जरा इतिहासाच्या बाजूने बघू. त्यासाठी हिशेब घेऊ तो आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या एका विद्यार्थ्याचा. १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेल्या भीमराव आंबेडकरांचा.

बाबासाहेबांच्या विद्यार्थीदशेबद्दल आपण शाळेपासून ऐकत आलोय. अर्धपोटी राहून केलेला अभ्यास, लंडनमधल्या रात्री, भाजलेले पापड. या गोष्टी आपण प्रेरणा म्हणून ऐकतो आणि तिथेच थांबतो. पण संशोधन करायचं असेल तर प्रेरणेच्या पुढे जाऊन विचारायला हवं की पैसे नक्की किती होते, कुठून आले, किती दिवस पुरले, आणि कमी पडले तेव्हा काय झालं.

आकडा आधी नीट वाचा

बडोदा संस्थानाने दिलेली शिष्यवृत्ती होती दरमहा ११ पौंड १० शिलिंग, म्हणजे साडेअकरा पौंड. त्या वेळी रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स होता, म्हणजे एका पौंडाला १५ रुपये. त्या हिशेबाने महिन्याला सुमारे १७२ रुपये होतात. याच सयाजीराव महाराजांकडून मुंबईत कॉलेजसाठी त्यांना महिना २५ रुपये मिळत होते, हे लक्षात घेतलं तर १७२ रुपये हा फार मोठा आकडा वाटतो. पण विद्यार्थी राहणार होता न्यूयॉर्कमध्ये. तिथे या रकमेचे साधारण ५६ डॉलर होत होते, आणि भाडं, जेवण, पुस्तकं सगळं त्यातच बसवायचं होतं. घरचीही जबाबदारी होती. वडील फेब्रुवारी १९१३ मध्ये वारले होते आणि मागे रमाबाई व बाकीचं कुटुंब मुंबईत होतं.

पण माझ्या मते त्या करारातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा साडेअकरा नाहीच. तो आहे तीन. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. आणि त्याच्या मागे आणखी एक आकडा होता, दहा. शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची, असं त्या करारात लिहिलेलं होतं.

आता हे तीन वर्षांचं बंधन मनात ठेवून त्यांचा कोलंबियातला अभ्यासक्रम बघा. अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मनचा एकेक. एकूण ६०. १९१५ मध्ये एम.ए., मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये जातिसंस्थेवरचा तो प्रसिद्ध निबंध, आणि त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ऐतिहासिक अभ्यास करणारा प्रबंध. आपण याला हुशारी म्हणतो, मेहनत म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण ही एक आर्थिक नीतीही आहे. महिन्याची रक्कम वाढवणं हातात नव्हतं, मुदत वाढवणंही फारसं हातात नव्हतं. हातात होतं ते एवढंच की प्रत्येक महिन्यातून जास्तीत जास्त काय काढून घ्यायचं.

काटकसरीचा अर्थ इथे बदलतो. शिल्लक टाकणं हा तिचा हेतू नाही. खाण्यावरचा, कपड्यांवरचा, करमणुकीवरचा खर्च कमी करायचा तो वेळ विकत घेण्यासाठी. म्हणूनच पोटाला चिमटा काढणारा हा माणूस पुस्तकांवर मात्र खर्च करतच राहिला. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी शेकड्यांनी पुस्तकं घेतली.

मुदत संपते तेव्हा

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला आले, ग्रेज इनमध्ये आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं. शिष्यवृत्तीला थोडी मुदतवाढ मिळाली होती. महायुद्ध चालू होतं, लंडनमध्ये महागाई वाढत होती, आणि साडेअकरा पौंड मात्र साडेअकराच होते. १९१७ च्या उन्हाळ्यात शिष्यवृत्ती संपली. अभ्यास अर्धाच राहिला होता. विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत मिळवून ते भारतात परतले. पुस्तकं वेगळ्या जहाजाने पाठवली होती, ते जहाज टॉर्पेडोने बुडालं.

त्यानंतरचा बडोद्याचा प्रसंग या लेखात का येतोय असं वाटेल, पण तो हिशेबाचाच भाग आहे. करारानुसार ते बडोद्यात नोकरीला हजर झाले. खिशात पैसे होते, पगार ठरलेला होता, आणि राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन ते नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. न्यूयॉर्कमध्ये तुटपुंज्या शिष्यवृत्तीत वसतिगृहाची खोली मिळत होती, बडोद्यात पगार असूनही छप्पर मिळत नव्हतं. तेव्हा पुढे कधी "एवढ्या पैशांत भागतं का?" असं कुणी विचारलं तर आधी "कुणाचं?" असं विचारा. त्याच पैशांत एकाला जे मिळतं ते दुसऱ्याला मिळेलच असं नाही. आजही परदेशात भाड्याने घर शोधताना आडनाव, रंग, पासपोर्ट यांची किंमत मोजावी लागते, ती कुठल्याही बजेटच्या तक्त्यात नसते.

दुसरा प्रवास : स्वतःच्या पैशांवर

नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. मार्च १९२० पर्यंत त्यांनी ही नोकरी केली, आणि त्या काळातही परळच्या चाळीत साधेपणानेच राहिले, कारण लंडनला परत जायचं होतं. म्हणजे खरी बचत परदेशात झालीच नाही, ती इथे झाली. आणि इथे झाली म्हणजे रमाबाईंनी केली. रोजचं वाणसामान, आजारपणं, आला-गेला सांभाळून नवऱ्याच्या प्रबंधासाठी पैसे बाजूला टाकणं हे त्या घरात घडत होतं. पदवीच्या कागदावर एकच नाव असतं. जमाखर्चाच्या वहीत दोन असायला हवीत.

या बचतीत शाहू महाराजांची मदत आली आणि नवल भथेना या मित्राचे ५,००० रुपये कर्जाऊ आले. हे भथेना कोण? कोलंबियाच्या वसतिगृहात एकत्र राहिलेले मित्र. विद्यार्थीदशेतली मैत्री हीसुद्धा एक ठेव असते आणि ती सात वर्षांनी अशी उपयोगी पडते. पैसे वाचवायचे म्हणून जे कुणाबरोबर चहालाही जात नाहीत, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. फेब्रुवारी १९२० मध्ये सरकारने रुपयाचा दर २ शिलिंग ठरवला. तो टिकला नाही. वर्षभरात रुपया पुन्हा १ शिलिंग ४ पेन्सच्या आसपास, काही काळ त्याच्याही खाली आला. फक्त भथेनांचे ५,००० रुपये घेऊन गणित करून बघा. २ शिलिंग दराने त्याचे ५०० पौंड होतात. १ शिलिंग ४ पेन्स दराने होतात ३३३. फरक १६७ पौंडांचा. जुन्या साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीच्या हिशेबाने हा १४ महिन्यांचा खर्च झाला! कितीही पापड भाजून खाल्ले तरी एवढी रक्कम काटकसरीतून भरून निघत नाही. सगळे रुपये एकाच दिवशी बदलले गेले नसतील, त्यामुळे प्रत्यक्षातलं नुकसान नेमकं एवढंच झालं असं म्हणता येणार नाही. पण चलनाचा दर विद्यार्थ्याच्या आयुष्यात किती मोठी ढवळाढवळ करू शकतो ते यातून दिसतं. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले.

आणि या काळात ते कशावर प्रबंध लिहीत होते? 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'! रुपयाचं मूल्य स्थिर का राहत नाही, त्याची झळ कुणाला बसते, यावर. इथे मोह होतो की त्यांना स्वतःला फटका बसला म्हणूनच हा विषय सुचला असं लिहून टाकावं. तसं लिहू नका. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. चलनाचा प्रश्न तेव्हा सगळ्याच अर्थशास्त्रज्ञांसमोर होता. एवढं मात्र नक्की म्हणता येतं की या प्रबंधाचा लेखक रुपयाच्या दराकडे फक्त तक्त्यांतून बघत नव्हता.

१९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी डी.एस्सी.च्या प्रबंधात बदल सुचवले. तोवर लंडनला राहण्याइतके पैसे उरले नव्हते. त्यांनी मुंबईला परत येऊन बदल केले, प्रबंध पुन्हा पाठवला आणि त्याच वर्षी पदवी मिळाली. कोलंबियाची पीएचडी तर आणखी लांबली. तिथे प्रबंधाच्या छापील प्रती विद्यापीठाला द्याव्या लागत. पुस्तक छापून आलं १९२५ मध्ये, पदवी मिळाली १९२७ मध्ये. संशोधन पूर्ण होणं आणि पदवी हातात पडणं यांच्यात एक खर्च असतो, आणि तो स्टायपेंडच्या मुदतीत बसेलच असं नाही.

मग तुम्ही काय कराल?

ऑफर लेटर आलं की पुढचे चार प्रश्न वहीत लिहा. पैसे किती, यापेक्षा किती महिने? अमेरिकेत अनेक ठिकाणी स्टायपेंड वर्षातले नऊच महिने असतो, उन्हाळ्याचं आपलं आपण बघायचं असतं. पैसे कोणत्या चलनात येणार, आणि कर्ज कोणत्या चलनात फेडायचं? मुदत संपल्यावर प्रबंध दुरुस्त करायला सहा महिने लागले तर ते कशावर काढणार? आणि चौथा, तुमच्या शिक्षणासाठी घरी कोण काय सोडतंय?

स्वयंपाक घरी करा, पुस्तकं ग्रंथालयातून घ्या, खोली दोघांत घ्या, हे सगळं कराच. त्यातून महिना निभावतो. पण पीएचडी अडते ती बहुधा महिन्याच्या खर्चावर नाही, मुदतीवर. म्हणून पहिल्या वर्षापासून जी काही शिल्लक टाकाल ती शेवटच्या सहा महिन्यांच्या नावाने टाका, आणि मधे कितीही मोह झाला तरी तिला हात लावू नका.